विंगेतले अप्पा

अप्पा गेल्याचं मला नाट्यमंडळाच्या ग्रुपवर कळलं. मी धाराशिवच्या स्टँडवर भूमच्या गाडीची वाट बघत उभी होते आणि ग्रुपवर सकाळपासून कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक येत होते. त्या केकांच्या मधेच एक ओळ आली, "अप्पा गेले. दुकानातच, बसल्या बसल्या." खाली लगेच आणखी दोन केक आले, कारण पाठवणाऱ्यांनी वरचं वाचलंच नव्हतं. अशा वेळी मला रडू येत नाही, राग येतो. मी त्या दोघांना फोन करून झापलं आणि गाडीत बसले. येरमाळ्याला एक बाई चढली, तिच्या मांडीवर नवा कोरा स्टीलचा डबा होता आणि त्यावर वळणदार अक्षरात नाव घातलेलं होतं. मग मात्र मला आवरलं नाही. बाई बिचारी घाबरली, डबा बाजूला ठेवून मला पाणी देऊ लागली.

भूमच्या पेठेत अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. घराणं मूळचं उमरग्याकडचं, घरात निम्मं बोलणं कन्नडमध्ये चालायचं. भांडं विकलं की त्यावर ते मशीननं नाव घालून देत, मामाकडून, आत्याकडून, सप्रेम भेट. अक्षर असं की लोक भांडं दुसरीकडून आणत आणि नाव घालायला मात्र अप्पांकडे येत. हे झालं पोटापाण्याचं. बाकीचा सगळा जीव नाटकात. आमच्या गावच्या हौशी मंडळात ते तरुणपणापासून प्रॉम्प्टर होते. म्हणजे नाटकाची वही मांडीवर घेऊन विंगेत बसायचं आणि नट अडला की प्रेक्षकांना ऐकू न जाता त्याला पुढचा शब्द द्यायचा. इतक्या वर्षांत ते एकदाही प्रेक्षकांसमोर आले नाहीत. मंडळाच्या फोटोंतही ते नाहीत, कारण फोटो काढायच्या वेळी त्यांचं वही फडक्यात बांधून ठेवणं चाललेलं असे.

मी धाराशिवला नाट्यशास्त्राचं एम.ए. करत होते. शेवटच्या सत्रात आम्हाला एक प्रकल्प असतो. एखाद्या मंडळात प्रत्यक्ष काम करायचं आणि ते करता करता त्याच कामाचा अभ्यास करायचा. आपला प्रश्न ठरवायचा, रोज नोंदवही लिहायची, सोबतच्या माणसांची लेखी संमती घ्यायची आणि शेवटी अहवाल द्यायचा. वर्गातल्या मुलींनी दिग्दर्शन घेतलं, प्रकाशयोजना घेतली. मी प्रॉम्प्टिंग घेतलं. त्यात उदात्त वगैरे काही नव्हतं. दिग्दर्शनासाठी मला कुणी विचारत नव्हतं, आणि अप्पांचे गुडघे धरल्यामुळं त्यांना विंगेत कुणीतरी सोबत हवं होतं. संमतीपत्र मी दुकानात नेऊन दिलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं, तेही नाटकातल्यासारखं, कुजबुजत. मग म्हणाले, "ह्यात लिवलंय, कवाबी माघार घेता येती. आमच्यात तसं न्हाय बग. पडदा उघडला की उघडला." आणि भांड्यावर घालत तसल्याच अक्षरात त्यांनी सही केली. बाकी नटांच्या सह्याही त्यांनीच फिरून आणल्या. अप्पांनी मागितलं म्हटल्यावर कुणी कागद वाचलासुद्धा नाही.

माझा प्रश्न साधा होता: प्रॉम्प्टरनं शब्द नेमका कधी द्यावा? नट थांबला की मी मोबाईलवर सेकंद मोजायची आणि वहीत लिहायची. अप्पांनी पंधरा दिवस मला मोजू दिलं. एके दिवशी तालमीनंतर विचारलं, "काय निघालं?"

"तीन सेकंद, अप्पा. तीनच्या वर गेला की नट विसरलेला असतो."

"बरं. काल तुझ्या काकूनं मला इचारलं, च्यात साखर किती घालू. म्या दहा सेकंद गप होतो. साखर म्हंजी काय ते इसरलो न्हवतो. डॉक्टरनं बंद केलीया, ते काकूला आठवतंय का, ते बघत होतो."

मी वही मिटली. मग त्यांनी त्यांची युक्ती सांगितली. नटाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. विसरलेल्या माणसाच्या हाताला एकदम काम सुचतं. तो उपरणं नीट करतो, गुंडी चाचपतो. जो खरोखरच भूमिकेत थांबलाय त्याचे हात निपचित असतात. "तवा तडी म्हणायचं सोताला," ते म्हणाले. तडी म्हणजे कन्नडमध्ये थांब. विंगेत त्यांच्या शेजारी बसलं की हे 'तडी, तडी' सारखं ऐकू यायचं.

चैत्रात सोनारीच्या जत्रेत आमचा प्रयोग होता, दिवस मावळायच्या सुमाराला. पहिले दोन अंक वही माझ्याकडे होती. दुसऱ्या अंकात सुनेचं काम करणारी आमची मैत्रीण सासऱ्याचं पत्र वाचून थांबली... सुंदर थांबली होती, आता आठवलं तरी लाज वाटते. तिचे हात अगदी स्वस्थ होते. मी हात बघितलेच नाहीत, घाबरून शब्द दिला, आणि तोही असा खणखणीत की तिसऱ्या रांगेतले लोक विंगेकडे बघायला लागले. तिसरा अंक सुरू व्हायच्या आत अप्पांनी माझ्या मांडीवरून वही उचलून घेतली, एवढंच. मला ते फार लागलं. खरं म्हणजे तिसरा अंक ते तालमीतही कुणाला देत नसत, आणि त्या अंकाला मला समोर प्रेक्षकांत बसायला पाठवत. त्या अंकात परागंदा झालेला बाप घरी परत येतो आणि त्याचं लांबलचक भाषण आहे. ते काम बापूंचं. बापू म्हणजे आमच्याकडचे मोठे बागायतदार, अंगानं उंचपुरे, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्या भाषणाला बायका पदर डोळ्यांना लावतात, पुरुष इकडंतिकडं बघतात. अप्पांचे आणि त्यांचे शाळेपासूनचे संबंध.

दुसऱ्या दिवशी रागारागानं मी रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. नोंदींसाठी मी तालमी आणि प्रयोग रेकॉर्ड करायची आणि माझा फोन विंगेतच असायचा. अप्पा असं काय वेगळं करतात ते मला बघायचंच होतं. हेडफोन लावला. बापूंच्या प्रत्येक वाक्याबरोबर आणखी एक बारीक आवाज येत होता. आधी वाटलं फोन बिघडला, आवाज घुमतोय. पण घुमलेला आवाज नंतर येतो. हा आधी येत होता. आख्खं भाषण, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, अप्पा अर्धा श्वास पुढं राहून सांगत होते आणि बापू बोलत होते. जुन्या तालमींची रेकॉर्डिंग काढली. सगळीकडे तेच. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. असं काही वर्गात कुणालाच सापडलेलं नव्हतं.

तशीच दुकानात गेले. अप्पांनी ऐकून घेतलं, हातातलं मशीन बंद केलं आणि मला आत बसवलं.

"तीन-चार वर्सं झाली," ते म्हणाले. "जेवला का न्हाय ते इसरतो. नातवाचं नाव इसरतो. घरच्यांनी दवाखाना केला, सगळं केलं. पर स्टेजवर उभा केला की त्यो बापूच असतो. आवाज तसाच, डोळ्यात पानी जिथं यायचं तिथंच. फकस्त शब्द न्हाईत. ते म्या देतो."

"त्यांना कळतं का हे?"

"आमचं ह्यावर एक अक्षर बोलणं झालं न्हाय."

मी म्हटलं, मी नाव बदलून लिहीन. अप्पा हसले. "परत आल्याला बाप कोण करतो, ते भूममधल्या बारक्या पोरालाबी ठावं हाय. कुणाचं नाव बदलशील?" मी म्हटलं, त्यांनी सही केलीय. त्यावर अप्पा म्हणाले, "सही केली तवा त्याला काय म्हाईत, तू काय हुडकणार ते? तुला तरी कुठं ठावं होतं? पोरी, हे छापलं तर पुढल्या जत्रंला त्याला कोण उभं करंल? लोक त्याच्या तोंडाकडं न्हाय, माझ्याकडं बघत बसतील." लिहिणार नाही असं म्हण, असं त्यांनी मला सांगितलं. मी तसं म्हटलं नाही. उलट उठून आले. पंधरा दिवस तालमीला गेले पण त्यांच्याशी कामापुरतंच बोलले, आणि घरी बसून ते प्रकरण लिहून काढलं. चांगलं झालं होतं. आजवर मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं तेच.

वैशाखात भूमलाच शाळेच्या पटांगणावर प्रयोग झाला. या वेळी तिसऱ्या अंकाला मी अप्पांच्या शेजारीच बसून राहिले. पडदा पडला तसे बापू विंगेत आले, घामानं निथळत, आणि त्यांनी अप्पांचा हात धरला. "बरं झालं का रं?"

"झालं की."

"एकबी शब्द हिकडचा तिकडं झाला न्हाय न्हवं?"

"न्हाय. एकबी न्हाय," अप्पा म्हणाले, आणि वही फडक्यात बांधायला लागले. बापूंच्या तोंडावर तेव्हा जे समाधान होतं ते बघून मला स्वतःचीच शरम वाटली. दुसऱ्या दिवशी मी ते प्रकरण अहवालातून काढून टाकलं.

आमच्या मॅडम हुशार. अहवाल वाचून म्हणाल्या, "इथं काहीतरी कापलेलं आहे." मी म्हटलं, हो मॅडम, आणि काय ते सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, "मग एवढं तरी लिही, की कापलंय आणि तू विचार करून कापलंयस. संशोधनात तेही येतं." ते एक वाक्य मी घातलं. मार्क यथातथाच पडले. आणि मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, ते अप्पांना जाऊन सांगितले. जरा टोचूनच सांगितले. त्यांनी मला तीनतीनदा विचारलं, किती पडले, वर्गातल्या मुलींना किती पडले, आता परत तपासत नाहीत का. "माझ्यापायी कमी पडले," म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. महिन्याभरात ते गेले. माणूस गेल्यावर आपण केलेलं काय काय आठवतं... मला तेवढंच आठवतं. ते मार्क मी त्यांना सांगायला नको होते.

अप्पांना त्यांच्या समाजाच्या रीतीनं बसवून समाधी दिली. त्यानंतर काही दिवसांनी मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये दुपारी शोकसभा ठेवली. हॉलमध्ये शिरताना काकूंनी, अप्पांच्या पत्नीनं, फडक्यात बांधलेली वही माझ्या हातात दिली. "घरी कुणाला कळतीया," एवढंच म्हणाल्या. लोक उठून बोलू लागले. अप्पांचा स्वभाव, अप्पांचं अक्षर, अप्पांचं दुकान. नाटकाबद्दल बोलायला कुणाकडेच फारसं काही नव्हतं, कारण विंगेत कुणी बघितलेलंच नव्हतं. बापूंना त्यांच्या मुलानं दंडाला धरून आणलं होतं आणि त्यांना बोलायला लावू नका असं आयोजकांना बजावलं होतं. पण बापू उठले. मुलगा मागून सदरा ओढत होता, तरी गेले.

"अप्पा..." ते म्हणाले आणि थांबले. ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मी पहिल्या रांगेत होते आणि माझ्याकडे द्यायला शब्द नव्हता, कारण हे कुठं लिहिलेलंच नव्हतं.

"मला काय बोलायचं ते ध्यानात न्हाय," बापू म्हणाले. "आजच न्हाय असं न्हाय. लई दिवस झालं, कायबी ध्यानात ऱ्हात न्हाय. तुमी टाळ्या दिल्या त्या मला दिल्या. बोलत अप्पा हुता. त्यानं कवा बोलून दावलं न्हाय, म्याबी कवा इचारलं न्हाय. लाज वाटायची." मुलगा मान खाली घालून रडायला लागला.

हे छापायला देण्याआधी मी बापूंना विचारलं. दोनदा विचारलं, वेगवेगळ्या दिवशी, मुलासमोर. दोन्ही वेळा ते हो म्हणाले, दुसऱ्यांदा तर मी पहिल्यांदाच विचारतेय अशा उत्साहानं.

त्या दुपारी शोकसभेत, एवढं बोलून झाल्यावर, बापूंनी माझ्या मांडीवरचं ते फडकं बघितलं. "वही हाय ती?" म्हणाले. "सोड. अप्पाला माझं भाषण लई आवडायचं." मी गाठ सोडली, तिसरा अंक काढला आणि पहिल्या रांगेत बसूनच पहिलं वाक्य सांगितलं. बापूंनी मान वर केली आणि त्या विहिरीतल्या आवाजात ते वाक्य म्हटलं. मी दुसरं सांगितलं. त्यांनी म्हटलं. आता लपवायचं काही राहिलंच नव्हतं, म्हणून मी मोकळेपणानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते. चौथ्या वाक्याला बापू थांबले आणि माझ्याकडे वाकून, लोकांना कळू नये अशा बेतानं म्हणाले, "पोरी, हळू जरा. अप्पा येवढ्यानं सांगत न्हवता."

मी आवाज खाली आणला आणि पुढचं वाक्य दिलं.