बाबांच्या वाटणीचं दही

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दोन-तीन वर्षं नुसते वाचतेय, कधी कमेंटही केली नाही. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसायचे. आता स्वतःचाच लिहितेय, त्यामुळे तुम्हीही हसलात तर चालेल.

मी आणि आई सिंगापूरला तोआ पायोहमध्ये राहतो. बाबा मरीन इंजिनिअर होते. एकदा जहाजावरून त्यांनी लांबून आर्क्टिकचे बर्फाचे डोंगर पाहिले आणि तेव्हापासून आमच्या दोघांचा प्लॅन सुरू झाला. कॅनडाच्या उत्तर टोकाला एक नॅशनल पार्क आहे. रस्ता नाही, झाड नाही. तिथे चालायला जायचं. प्लॅनमध्ये आई नव्हती. तिला थंडी सोसत नाही, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबा जहाजावरच हार्ट अटॅकने गेले. गेल्या ऑगस्टमध्ये मी एकटीच निघाले.

आमच्याकडे कोणी लांब निघालं की आई हातावर दही घालते. मला साखर घालून. बाबांना डायबेटिस, म्हणून मीठ घालून. एकही खेप चुकली नाही... बाबांची शेवटची सोडून. त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं.

मी निघाले तेव्हाही दही नव्हतं. आई आवाज बंद करून टीव्ही बघत होती.

"आई, येते."

"बाप गेला तरी तुमचं दोघांचंच चालू."

"तुला चल म्हटलं होतं ना."

"तिकीट काढून झाल्यावर म्हटलंस."

हे खरं होतं. मी बूट घातले.

छोटं विमान, मग बोट, मग पार्कच्या ऑफिसात तासभर पोलर बेअरच्या सूचना. आम्ही चौघं आणि गाइड — जोसी, तिथलाच माणूस, बोलणं माझ्याइतकंच कमी. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्लेशियरच्या पाण्याची नदी आली. ओलांडण्यासाठी बूट बदलताना मला उजवा ग्लोव्ह आतून ओला लागला, म्हणून काढला.

तळहातावर दही होतं. चमचाभर, घट्ट.

जोसीने वाकून वास घेतला. "योगर्ट? हू ब्रॉट योगर्ट?"

कोणीच नाही. आमचं जेवण म्हणजे कोरडी पाकिटं, त्यात गरम पाणी ओतायचं. बाकीचे तिघेही बघत होते, त्यामुळे भास वगैरे म्हणू नका.

माझ्या मनात एकच आलं — आईचा राग गेला. पुढचे दोन सेकंद मी इतकी खूश होते, की लिहायला लाज वाटते. मग लहानपणापासूनच्या सवयीने मी ते चाटलं.

खारट होतं.

नदीत काही झालं नाही. पाणी गुडघ्यापर्यंत होतं, सगळे नीट पलीकडे गेलो.

घरी आल्यावर तीन दिवसांनी, जेवताना आईला सांगितलं. मिठाचं सोडून.

"मी काही घातलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहितीये." मग मी म्हणाले, "मीठ होतं त्यात."

वरणाचा डाव तिच्या हातातच राहिला.

"हे शेवटचे निघाले ना, त्या दिवशी दार लागल्यावर मी दही कालवलं होतं. वाटी घेऊन लिफ्टपाशी गेले. लिफ्ट खाली गेली होती."

"मग?"

"मग काय. सिंकमध्ये ओतलं."

मला तिच्या हातावर हात ठेवायचा होता. आमच्याकडे तसं कोणी करत नाही.

"सगळं खाल्लंस?" तिने विचारलं.

"हो."

"त्यांचं होतं ते," ती म्हणाली, आणि माझं ताट उचलून आत घेऊन गेली. त्यात अजून भात होता.

मी खूप विचार केला. ग्लोव्ह कपाटात आहे, धुतलेला नाही, पण आता त्याला कसलाच वास येत नाही. तीन वर्षांपूर्वी सिंकमध्ये ओतलेलं दही तिथे माझ्या हातावर कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर सांगा.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी जकार्ताला जायचं होतं. निघताना दारात मी बुटाच्या नाड्या दोनदा बांधल्या. आतून फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मी थांबले.

आईने पाण्याची बाटली काढली.