गालानं भट्टी बघणारी

चुन्याच्या भट्टीत दगडाची पाटी ओतण्याआधी ती थांबायची, डावा गाल पुढं करायची आणि म्हणायची, "आलं बग भट्टीचं तोंड."

तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. पोलीस ॲक्शन होऊन गेलं होतं, गुलबर्ग्याच्या बाहेर मी त्या भट्टीवर दगड फोडायला होतो. रोज विचारायचो, "अक्का, भट्टीच्या कानात काय सांगायलीस?"

"तुजी चुगली, अण्णा."

तिची पाटी कधी सांडली नाही. मुकादम इतरांना तिचा दाखला द्यायचा. आणि हाच मुकादम, कुणाची नजर अधू दिसली की त्याला घरी धाडायचा.

मग शेजारी फरशी तासायचं काम सुरू झालं. आमच्याकडं आधी वाळूचीच धूळ उडायची, गोल कणांची. फरशीची भुकटी चपटी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. उडाली की खाली बसायचं नावच नाही. एका दुपारी वारा फिरला आणि भुकटीचा लोट भट्टीच्या तोंडावर आला. अक्का पाटी घेऊन आली. गाल पुढं केला. पण थांबली नाही. चालतच राहिली.

आम्ही ओढून काढली तोवर डावी बाजू भाजली होती.

"डोळे फुटले व्हते का तुजे?" मुकादम ओरडला.

"व्हय," ती म्हणाली. "कवाच. पण आज धग कामून न्हाई लागली?"

तेव्हा कुठं मला उमगलं. वाट तिच्या पायांना पाठ होती, शेवटची पावलं गालाच्या भरवशावर. आणि आम्ही डोळस माणसं रोज हसत होतो!

लोक म्हणाले, नशीब. मी चौथी नापास, पण असलं ऐकून घेणारा नाही. भट्टीसमोर डोळे मिटून उभा राहिलो. मध्ये वाळू उधळली; धग लागतच राहिली. तेवढीच फरशीची भुकटी उधळली; जणू कुणी पदर आडवा धरला. गोल कणांमधून धग वाट काढते, चपटे कण ती पिऊन टाकतात. कुणी हसो, मी आजही हेच सांगतो.

दवाखान्यातून तिचा भाऊ तिला बैलगाडीत घालून गावाकडं, मुडबीला घेऊन निघाला. वाटेत भट्टीपाशी मी गाडी थांबवली. "अक्का, तुजं न्हाई चुकलं. धुळीनं धग खाल्ली."

"आसं व्हय? मग भट्टी कुटं हाय सांग. हात जोडून जाते."

मी सवयीनं नुसतंच बोट दाखवलं. गाडी हलली. डाव्या गालावर पट्टी होती. भट्टी मागं राहिली, आणि ती समोरच्या उघड्या माळाला उजवा गाल करून, हात जोडून बसली होती.