मामांचं खोडरबर आणि भाऊंची रॅम

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणावर चार ओळी लिहाव्यात एवढा माझा वकूब नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण परळीच्या संगणकवाल्या मामांवर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

मामांच्या खिशाला कधी पेन नसायचं; खिशात खोडरबर असायचं. संगणक सुरू होत नाही म्हणून कुणीही आलं की मामा आधी रॅम उपसून काढायचे आणि तिची पिवळी कड खोडरबरने घासायचे. परळीत थर्मल वीजकेंद्राची राख घराघरांत येते, तशी ती संगणकातही जाते. बहुतेक संगणक तेवढ्यावरच चालू व्हायचे. “राख खाल्ली हुती त्यानं,” एवढं म्हणून मामा पुढच्याकडे वळायचे.

माझ्या जुन्या संगणकाला मला ३२०० वेगाची रॅम घालायची होती. वर्गात सगळे तेच म्हणत होते. मामांनी आतली रॅम दाखवली. “ही २४०० ची. शेजारी ३२०० ची बसव, न्हाईतर आनखी कुठली. दोघी हिच्याच चालीनं चालणार. उगं कशाला हौस करतो?” मी २४०० चीच घेतली. माझा प्रोजेक्ट तिच्यावरच झाला.

मामांचा गाळा भाऊंच्या कॉम्प्लेक्समध्ये होता. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या कार्यालयातल्या संगणकावर वाढदिवसाचे फ्लेक्स तयार होत, उरलेल्या वेळात पत्ते चालत. विरोधकाने ३२०० ची रॅम घेतल्याचं कळलं, तशी भाऊंनी पुण्याहून ६००० ची मागवली. रंगीत दिवे लागणारी. ती घेऊन भाऊ आणि त्यांचा कार्यकर्ता दुकानात आले, तेव्हा मी तिथेच होतो.

“न्हाई बसणार भाऊ,” मामा म्हणाले. “तुमचा बोर्ड डीडीआर फोरचा, ही फाइव्ह, पुढल्या पिढीची. खाच बघा, जागाच वेगळी हाय.”

“मामा, गाळा कुणाचा हाय, ध्यानात हाय ना?” कार्यकर्ता म्हणाला.

“हाय की. गाळा भाऊंचा हाय. खाच कंपनीची हाय.”

मी हळूच मामांच्या कानाशी लागलो, “जुनीच राहू द्या अन् नवी बसवली म्हणा. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय की.”

त्याच आठवड्यात गाळा रिकामा करावा लागला. पंधरा वर्षांचं दुकान दोन खोक्यांत भरून मामा नेकनूरला लेकीकडे गेले. मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला आलो. त्यांना फोन करायचा राहूनच गेला, हे लिहिताना लाज वाटते.

परवा परळीहून मित्राचा फोन आला. त्या कार्यकर्त्याने म्हणे कानशीने नवी खाच पाडून रॅम दाबून बसवली होती. नारळ फुटला, फीत कापली, भाऊंनी बटण दाबलं. रंगीत दिवे काही लागले नाहीत, धूर मात्र निघाला. मग नेकनूरला जीप गेली आणि मामांना परळीला घेऊन आली.

“रॅम मुळातच खराब आलती, एवढं लिहून द्या,” भाऊ मामांना म्हणाले. “आमाला बदलून मिळंल. गाळा पुन्हा तुमचा.”

मामांनी कागद मागितला. खिशात खोडरबरच होतं, म्हणून पेन कार्यकर्त्याचं घेतलं आणि लिहिलं, ‘खाच कानशीने पाडलेली आहे.’ खाली सही केली. जीप नको म्हणाले आणि नेकनूरची एसटी धरली.