पास्टर आबांचा आवाज

पास्टर आबा मोबाईलला पाहुणा समजत. रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी म्हणत, "या भो, बठा," आणि मग खरोखरच थांबत. मी तेव्हा पिंपळनेरच्या शाळेत शिकवत होते. आबांच्या शेजारीच माझी खोली, म्हणून त्यांचे व्हिडिओ चॅनलवर टाकायचं काम माझ्याकडे आलं. एकदा मी सुचवलं, ही सुरुवातीची शांतता कापून टाकू, लोक कंटाळून पुढे जातात. आबा म्हणाले, "मॅडम, माणूस दिवसभर राबून आलेला असतो. त्याला टेकायला वेळ नको का?" व्हिडिओतली शांतता तशीच राहिली.

त्यांच्या लहानशा चर्चमधली बरीच माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जात, ती उन्हाळ्यातच परतत. रविवारी आबांसमोर म्हातारी माणसं आणि रिकाम्या सतरंज्या उरत. "लोके तठे, नि मी आठे कोनले सांगू?" असं म्हणून त्यांनी एक दिवस मोबाईल माठाला टेकवून उभा केला. छोटी प्रार्थना, चार शब्द धीराचे, सगळं अहिराणीत. तिकडे उसाच्या फडावर एका फोनभोवती अख्खी टोळी बसून ते बघायची.

धुळ्याच्या चर्चचे एक वयस्कर पाळक मुद्दाम येऊन बोलून गेले. प्रार्थनेची भाषा शुद्ध हवी, असं घरगुती बोलणं मोबाईलवर बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आबांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवले अहिरानी समजत नही का?" पाळकांना हसू आलं. आबा त्यांना बस स्टँडपर्यंत सोडून आले. पुढच्या रविवारी भाषा तीच.

व्हिडिओखाली कुणी दुःख लिहिलं तर आबा लेखी उत्तर देत नसत. मला नंबर मागून घ्यायला लावत आणि फोन करत. सोनीबाईची ओळख अशीच झाली. फडावर तिचं तान्हं मूल गेलं होतं, टोळीतल्या कुणीतरी तिच्यासाठी दोन ओळी लिहिल्या होत्या. आबांनी तिला उपदेश केला नाही. बाळ कुणावर गेलं होतं, काय केलं की हसायचं, एवढंच विचारत राहिले. तिला बाळाबद्दल कुणी विचारतच नव्हतं. ती बोलत गेली, रोज संध्याकाळी.

मग आबांचा घसा बसला. औषधांनी सुटेना. धुळ्याला तपासलं तर गाठ निघाली, आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आबा घरी आले ते गळ्याभोवती पांढरा रुमाल बांधून. पाटीवर त्यांनी मला लिहून दाखवलं, 'चॅनल बंद करा.' माझ्याच्यानं ते होईना. चॅनलवर मी फक्त ऑपरेशनची बातमी लिहिली.

काही दिवसांनी माझ्या फोनवर सोनीबाईचा व्हिडिओ आला. खोपीसमोर पदर सावरून बसली होती. म्हणाली, "आबा, तुम्हना आवाज गया. आते आम्हना वापरा." आणि तिने त्यांच्यासाठी प्रार्थना म्हटली. शब्द मागेपुढे झाले, एकदा हुंदका आला, पण शेवटपर्यंत म्हटली.

आबांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. डोळे पुसत राहिले. मग पाटी ओढली आणि लिहिलं, 'हा टाका.'

तेव्हापासून फडावरून, सुरतेच्या गिरण्यांमधून, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून माणसं आपापल्या प्रार्थना पाठवू लागली. आबा एकेक ऐकत आणि कुठली टाकायची ते बोटाने दाखवत. चुकलेली, अडखळलेली प्रार्थना त्यांनी कधी वगळली नाही.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. सोनीबाई ऊसतोड सोडून पिंपळनेरला मजुरीला येऊन राहिली. आता दर रविवारी आबांच्या घरातून तीच आबांच्या जुन्या प्रार्थना म्हणते आणि मी इथून मोबाईलवर बघते. मागच्या रविवारी ती मध्येच अडली. तिने कॅमेऱ्याबाहेर, आबा बसतात त्या बाजूला पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हसली आणि पुढचं स्वतःच्या मनाने बोलली.