दादाने फायलींची शेपटं छाटली

माझा दादा चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होता. निवृत्त झाला आणि रेकॉर्ड रूम घरी घेऊन आला. कागद नाही हो आणले, सवय आणली. त्याच्या घरात पाऊल टाकलंत की जिकडेतिकडे चिठ्ठ्या. बटणाखाली 'पंखा, मोठा'. शेजारी 'पंखा, लहान (आवाज करतो)'. चपलांच्या एका कप्प्यावर 'पाहुणे'. एकदा मी साखरेचा डबा उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला 'झाकण लावणे' असं लिहिलेलं. मी म्हटलं, "अरे दादा, झाकण काढल्याशिवाय हे दिसतच नाही." तर म्हणतो, "ज्याने काढलंय त्यालाच वाचायचंय ना?" आता यावर काय बोलणार, कपाळ!

गल्लीत त्याला चिठ्ठीबहाद्दर म्हणतात. त्याला ते माहीत आहे, आणि ती आपल्याला मिळालेली पदवी आहे असं त्याला वाटतं.

माझी वहिनी अगदी उलटी. तिचं सगळं तोंडी. सकाळी सहाला तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो रात्री दिवा मालवेपर्यंत. भांड्यांशी बोलायची, दूध उतू गेलं तर दुधाला रागवायची, आणि दादाला दिवसातून शंभर वेळा 'अहो' म्हणायची. दादा त्यातल्या दहांना ओ द्यायचा. मी लहान नणंद, मला सगळे बारकी म्हणतात. मी तिच्याकडे तासभर बसले तर माझ्या वाट्याला बोलायला पाच मिनिटं यायची, तीही ती पाणी प्यायला थांबली तर.

माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, शाळेत जायला लागली तेव्हा दादाने कॅमकॉर्डर घेतला. तेव्हापासून पोरीची स्पर्धा असो, तळ्याकाठची सहल असो, दादा डोळ्याला कॅमेरा लावून उभा. त्याचं शूटिंग म्हणजे परीक्षेचा हॉल. आधी एक बोट वर, म्हणजे शांतता. सगळे गप्प बसायचे. वहिनी? छे! ती कॅमेऱ्यामागे दादाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची आणि चालू.

दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. हे मी एवढ्यातच आटपते, कारण लांबवलं तर मला रडू येतं. डॉक्टरांनी गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. ते तिने एकदाच वापरलं आणि कागदावर लिहिलं, 'पाण्याचा पंप बोलतोय.' यंत्र कपाटात गेलं. आता गळ्यात दोरीला बांधलेली छोटी वही आणि पेन्सिल असते. वही भरली की दादा ती जपून ठेवतो, वर चिठ्ठी लावून: 'सौ. यांच्या सूचना, भाग नववा'.

मी एका स्टुडिओत समारंभांची चित्रीकरणं जोडायचं काम करते. एकदा दुपारी वहिनी तिथे आली. माझ्या खुर्चीशेजारी बसली आणि वही पुढे केली. 'माझा आवाज कसा होता? मला आठवत नाहीये.'

मी म्हटलं, "छान होता गं."

तिने 'छान' वर काट मारावी तशी हवेत पेन्सिल फिरवली आणि लिहिलं, 'छान नको. कसा?'

मला सांगता येईना. वीस वर्षं ऐकलेला आवाज, आणि माझ्या तोंडून एक धड शब्द निघेना. त्यांच्याकडे फोन साधा, बटणांचा, त्यात काही साठलेलं नाही. नातेवाइकांच्या लग्नांच्या फिती आहेत, पण त्यांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. ते आमच्यासारख्यांचंच पाप. मग एकदम माझी ट्यूब पेटली. "अगं, दादाने पंधरा वर्षं शूटिंग केलंय! त्यात तूच तू असशील." तिचा चेहरा असा उजळला म्हणता! 'रविवारी ये' असं लिहून तिने खाली दोन रेघा मारल्या.

रविवारी गेले. दादाने कॅमेऱ्याचं कार्ड काढून दिलं, मी कॉम्प्युटरला लावलं आणि बघते तर काय, एक फाईल उघडेना. सगळ्यांपुढे नुसती कोऱ्या पांढऱ्या कागदाची चित्रं. कॅमेऱ्यात घालून पाहिलं, तर कॅमेरा म्हणे कार्डात काहीच नाही. आणि फायलींची नावं वाचा: 'पोहण्याची स्पर्धा, कन्या तिसरी (पंच पक्षपाती) दि.१२.५'.

"दादा, काय केलंस हे?"

"नावं दिली," दादा म्हणाला. "आधी काय होतं? शून्य शून्य शून्य चौदा. पोरीच्या बालपणाला कैद्यासारखे नंबर?"

"आणि मागे टिंब देऊन एमटीएस असायचं, ते कुठे गेलं?"

"ते सगळ्यांनाच होतं. जे सगळ्यांना आहे ते लिहायचं कशाला? उगाच शेपूट. दोनशे चौदा फायलींचं काढलं. अकरा दिवस लागले."

"अरे, पण कॉम्प्युटर विचारतो ना काढताना!"

"विचारायचा की. दर वेळी. फाईल चालणार नाही, नक्की ना, म्हणून. मी म्हटलं, चौतीस वर्षं फायली सांभाळल्यात, तू मला शिकवू नकोस."

मी डोक्याला हात लावला. वहिनीने वहीत काहीतरी लिहून दादापुढे धरलं. काय ते मला दिसलं नाही, पण दादा उठून चहा टाकायला गेला.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगते. ते शेपूट बघूनच कॉम्प्युटरला कळतं की हे चलच्चित्र आहे, पत्र नाही की हिशोब नाही. दादाने ते छाटलं, वर नावात तारखेची टिंबं घातली, त्यामुळे कॉम्प्युटर बिचारा 'पाच' हेच शेपूट समजून बसला. कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी. तो आपल्या यादीत नंबर लिहून ठेवतो आणि हजेरी घेतो. चौदा नंबर हजर नाही, पंधरा नाही, म्हणजे वर्ग रिकामा. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे लांबलचक शूटिंगचे कॅमेरा स्वतःच तुकडे पाडतो. शाळेच्या एका कार्यक्रमाचे सात तुकडे, आणि दादाने सातांना सात वेगळी नावं दिलेली.

मी आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मूळ फायलींना हात लावायचा नाही, जो काय खेळ करायचा तो नकलेवर, हे मी कानाला खडा लावून शिकलेय. मग एकेकीचं शेपूट परत जोडलं. बऱ्याचशा चालल्या. पण ते तुकडे! मी अंदाजाने जोडले तर पोरगी आधी टाळ्यांना वाकून नमस्कार करते आणि मग रंगमंचावर येते. सांध्यांवर आवाजही टपकन तुटत होता. खरा क्रम जुन्या नंबरांत होता, आणि नंबर तर ह्याने पुसलेले.

"जुने नंबर आता कुठून आणू रे?" मी ओरडलेच.

दादा शांतपणे आत गेला आणि पुठ्ठ्याची वही घेऊन आला. वर चिठ्ठी, 'नामांतर नोंदवही'. आत रकाने: जुना क्रमांक, नवीन नाव, बदलाचं कारण, तारीख. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नोंदी, एका हस्ताक्षरात, खाडाखोड नाही. ज्या खोडीने घात केला तीच मदतीला धावली. मी त्याला अर्धी माफी तिथेच देऊन टाकली.

त्या वहीवरून क्रम लावून, तुकडे नीट सांधून, आवाजाची तुटलेली जागा बुजवून, सगळं बसवायला आणखी दोन रविवार गेले. दादा चुकलो असं म्हणाला नाही. माझ्या चहाच्या कपावर मात्र 'तज्ज्ञ' अशी चिठ्ठी आली.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही बघायला बसलो. वहिनी केस विंचरून, चष्मा पुसून, पडद्याच्या अगदी जवळ बसली. पोरगी पोहली. पोरगी नाचली. तळ्यात बदकं आली आणि गेली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. वहिनी कान देऊन ऐकत होती. दहा झाल्या, वीस झाल्या. मी पटापट पुढे नेत चाळीसपर्यंत आले. बदकांचा आवाज होता, पंचांचा होता, वाऱ्याचाही होता. वहिनीचा नव्हता.

"दादा, वहिनी कुठेय यात?"

"ती कॅमेऱ्यामागे असायची. दिसणार कशी?"

"नाही दिसली तरी चालेल. ऐकू का येत नाही?"

दादाने चष्मा काढला. तो पुसायला लागला. "ज्यात ती मध्ये बोलली, त्या मी तेव्हाच वेगळ्या काढल्या. खराब झाल्या म्हणून."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, शेवटी मोठा भाऊ आहे. वहिनीने वही मिटली आणि पेन्सिल दोरीत खोचून ठेवली. दोन वर्षांत मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं, आणि मला भयंकर वाईट वाटलं.

"वेगळ्या काढून केलंस काय? पुसल्यास?"

"नष्ट करण्याचा प्रस्ताव ठेवला होता."

"कोणापुढे?"

"हिच्यापुढेच."

त्याच्या रेकॉर्ड रूममध्ये म्हणे एका माणसाच्या सहीने कागदाचा कपटाही नष्ट होत नसे. दोन सह्या लागत. घरात दुसरी सही कोणाची, तर वहिनीची. जुनी बिलं, तुटके चष्मे, सगळ्याचे प्रस्ताव तिच्यापुढे यायचे आणि ती न वाचताच कधी सही ठोकायची, कधी बाजूला सारायची. "सही झाली असेल तर मी पुसल्या असतील," दादा म्हणाला, "मला आठवत नाही गं." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मी पुढचं बोलणं गिळलं.

मग आम्ही तिघांनी 'प्रलंबित' लिहिलेलं खोकं जमिनीवर पालथं केलं. सहा वर्षांपूर्वीचं पाकीट वहिनीच्याच हाताला लागलं. आत टाचणीने लावलेला अर्ज. 'नष्ट करावयाच्या फायली: त्रेसष्ट. कारण: सौ. यांचा आवाज.' खाली दादाची झोकदार सही. दुसऱ्या सहीच्या जागी वहिनीचं अक्षर: 'आधी न्हाणीघरातला दिवा बदला, मग सही.'

तो दिवा दादाने बदलला नव्हता. महिनाभर वाट बघून वहिनीच स्टुलावर चढली आणि बदलला, मग ती सही कशाला करतेय! आयुष्यात पहिल्यांदा मला दादाच्या आळसाचा मुका घ्यावासा वाटला. पाकिटाच्या तळाशी कार्ड होतं. आणि टाकाऊ मालाला नाव कोण देतं? त्या त्रेसष्ट फायली नंबरांसकट, शेपटांसकट जशाच्या तशा होत्या. मी पहिलीवर टिचकी मारली, ती चालू झाली.

अंगण. पोरगी सायकलवर. आणि अगदी कानाशी, घाईघाईचा, किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा आवाज: "अहो, डावीकडे बघा, ती पडेल! कॅमेरा ठेवा खाली आणि धरा तिला! नाही, मी काय म्हणते, गुडघा फुटल्यावर शूटिंग बघत बसणार का आपण?"

वहिनीने दोन्ही हात गळ्याशी नेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिने वही उघडली. 'इतकी कर्कश होते?'

"होतीस," मी म्हटलं, आणि मलाही रडू फुटलं.

तेवढ्यात पडद्यातून दादाचा आवाज आला. "श्शू! जरा गप्प बसशील का? रेकॉर्डिंग चालू आहे."

"बरं बाबा, बसते गप्प," वहिनी म्हणाली.

आणि बसली. पोरगी अंगणात गोल गोल फिरत राहिली. सायकलची साखळी वाजत होती, लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. दादा खुर्चीतून पुढे सरकत सरकत पडद्याला नाक लागेल इतका जवळ आला. "बोल ना," तो पडद्याला म्हणाला. "बोल की गं काहीतरी." फाईल संपली. ती पुन्हा बोललीच नाही. दादाने तोंड झाकून घेतलं आणि मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, रडायला लागला.

वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने तिने माझ्याकडून माउस घेतला आणि पुढची फाईल स्वतः उघडली. चित्र येण्याआधीच खोलीभर तिचा आवाज झाला. "अहो, ऐकलंत का?"

"ऐकतोय," दादा म्हणाला. "बोल."