कोरी राहिलेली चौकट

उरवड्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो तेव्हा मी नववी नापास होतो. दोन विषय गेले होते, गणित आणि इंग्रजी. आमच्या परभणीकडच्या शाळेत नापास पोराला परत त्याच वर्गात बसवायचे, धाकट्या भावाच्या बाकावर. मी बसलो नाही. तेव्हापासून छापील कागद समोर आला की माझ्या तळहाताला घाम सुटायचा, मग तो पगाराच्या सहीचा का असेना.

ज्यांच्या पडवीलगतच्या खोलीत मी राहायचो त्यांना मी मामा-मामी म्हणायचो. ओळख ना पाळख, तरी खोली दिली. पहिल्या पावसाळ्यात मी तापानं फणफणलो तेव्हा मामींनी तीन दिवस पेज करून पाजली. त्यांचा मुलगा फौजेत, लांब सरहद्दीकडे. सून घरी. त्या वहिनी बारावी झालेल्या होत्या आणि मुलानं पत्रातून वडिलांना विनवून त्यांना बी.कॉम.ला बसवलं होतं. कॉलेजात जायचं नाही, घरी वाचायचं आणि बाहेरून परीक्षा द्यायची. पहिलं वर्ष त्यांनी भात कांडता कांडता काढलं होतं.

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख नेमकी माझ्या सुट्टीच्या दिवशी आली. शिवारात भाताच्या लावणीआधीची चिखलणी चाललेली, घरातलं कुणी हलेना. वहिनींनी फॉर्म घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत दिला.

"समदं भरलंय, भाऊजी. नुस्तं खिडकीत द्यायचं."

माझ्यावर कुणी एवढं सोपवलं नव्हतं. एस.टी.त मी ती पिशवी शर्टाच्या आत पोटाशी धरून बसलो.

पुण्यात, विद्यापीठाच्या खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटा केला आणि परत माझ्याकडे सरकवला. "विशेष विषय कोण लिहिणार? मी?"

चौकट कोरी होती. बाजूला विषयांची यादी छापलेली: बँकिंग, सहकार, विपणन, कॉस्टिंग, आणखी दोन-तीन. मागे रांग. कुणीतरी म्हणालं, "अहो, घरी जाऊन विचारून या!" आणि चार जण हसले. घर पंचवीस किलोमीटरवर, खिडकी बंद व्हायला अर्धा तास. माझे कान तापले. आमच्या कारखान्यात कॉस्टिंगवाल्या कारकुनाला स्वतःचं टेबल होतं, टेबलावर पंखा होता आणि खुद्द मॅनेजर त्यांना 'अहो' म्हणायचा. एवढ्या माहितीवर मी यादीत बघून अक्षर अन् अक्षर उतरवलं: कॉस्टिंग. शिक्का बसला.

रात्री जेवताना मामांनी विचारलं, "दिला का फारम?"

"दिला."

"आता मला येक सांगा," मामा सुनेकडे वळले, "तीन वर्सं हे असतंय तरी काय?"

वहिनी भाकरी थापता थापता सांगू लागल्या. पहिल्या वर्षी सगळ्यांना जवळपास सारखंच. अर्थशास्त्र, हिशेब, भाषा, थोडं गणित. दुसऱ्या वर्षी कंपनीचा कायदा, व्यवस्थापन येतं आणि एक विशेष विषय घ्यायचा, त्याचा पहिला पेपर. तिसऱ्या वर्षी त्याच विषयाचे आणखी दोन. एखाददुसरा विषय राहिला तर तो मागे ठेवून पुढच्या वर्षात बसता येतं.

दोन विषय गेले तरी पुढे जाता येतं? मी भाकरी मोडायची थांबलो. पण मामांचं डोकं दुसरीकडेच होतं.

"म्हंजे पयल्या वर्साला रोपाचा वाफा. समदं येकात दाटीवाटीनं. दुसऱ्याला लावणी, येका खाचरात. तिसऱ्याला तिथलंच कापायचं."

"व्हय, तसंच," वहिनी हसल्या.

"मंग नीट बगून लावा बाई. लावल्यालं रोप कुनी उपटत न्हाई."

एका विषयाचे तीन पेपर! मला वाटलं होतं एक पेपर. या बाईची दोन वर्षं मी टेबलफॅन बघून ठरवून आलो होतो. नवल म्हणजे, कुठला विषय लिहिला हे वहिनींनी विचारलंच नाही. त्या तव्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी त्या कॉस्टिंगवाल्यांच्या टेबलाशी घुटमळलो. आमच्या ओळखीत एक जण बाहेरून परीक्षा देतोय, त्यानं हा विषय घेतला तर, असं आडून विचारलं.

"बाहेरून? त्याला प्रात्यक्षिकाची वही लागते, कॉलेजात सही घ्यावी लागते. बाहेरच्याला मिळत नाही हा विषय. अर्ज बाद करतील."

"मग?"

"मग काय, वर्ष गेलं. बदलून घेता येतो म्हणा, आठवडाभरात. पण ज्याचा अर्ज त्यानं जाऊन सही करायची."

त्यानंतरचे दोन दिवस मी त्या घरात चोरासारखा वावरलो. वहिनींची हाक आली की मी बादली उचलून पाण्याला निघायचो. मामींनी ताक दिलं तर ते पिववेना. रात्री ट्रंक भरायचा विचारही करून झाला. जायचं कुठं, हे मात्र सुचेना.

तिसऱ्या संध्याकाळी वहिनी दगडावर भांडी घासत होत्या, तिथं जाऊन मी एका दमात सगळं बोललो. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मीच कोरी ठिवली व्हती," त्या हळूच म्हणाल्या. "त्या यादीतलं निम्मं मला कळंना. इचारायचं कुनाला? समद्यांना वाटतंय मला समदं येतंय. म्हणलं तिथली मानसं घेतील भरून." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "आता मामंजी म्हणतील, बास झालं शिक्षान."

म्हणजे भीती दोघांचीही होती. आम्ही तसेच ओसरीवर गेलो. मी सांगितलं, वहिनींनी आपली चूक सांगितली. मामांनी हातातली विडी विझवली.

"तुला कुनी सांगितलं व्हतं रं, मनानं भरायला?"

मग ते मामींकडे वळले.

"उद्या सावड हाय. खालच्या घरची लावणी. त्यांची दोन मानसं आपल्यात राबून गेली. मानसाला मानूस द्यावं लागतंय. सूनबाई न्हाई गेली तर मी त्यांना त्वांड कसं दावू?"

"त्यांच्या जागी मी जातो," मी म्हणालो. रजा मागितलेली नव्हती, भाताचं रोप आयुष्यात हातात धरलेलं नव्हतं.

"तू? ज्वारीचा मानूस?" मामींना हसू फुटलं. "जा. हिच्यासंगं मी जाते पुन्याला. माझं गुडघं चिखलात तसंबी चालत न्हाईत."

सकाळी त्या दोघी पहिल्या एस.टी.नं गेल्या आणि मी पावसासाठी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बायकांच्या ओळीत वाकलो. दुपारपर्यंत माझी रांग सापासारखी गेली होती, निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती.

"ए दाजी, लावणी करतुयास का पेरनी?"

"राहू दे गं, बी.कॉम. हाय तो, त्यांच्यात अशीच लावत्यात!"

सगळं खाचर हसलं. माझं लक्ष रस्त्याकडे. खिडकीतला माणूस हाकलून तर देणार नाही? आठवड्याचा हिशेब मी चुकवला असला तर? पावसात दोन गाड्या आल्या आणि कुणी न उतरताच पुढे गेल्या. एका म्हातारीनं मागून येऊन माझी रोपं उपटली, मुळं धुतली आणि सरळ रेषेत पुन्हा रोवली. मी धसकून मामांकडे पाहिलं. ते बांधावरून बघत होते.

"जगतील का?" मी विचारलं.

"आजची हायेत," मामा म्हणाले. "मूळ धरायच्या आत उपटलं तर जगतंय."

अंधारून आल्यावर तिसरी गाडी थांबली. मामी आधी उतरल्या, लुगडं सावरत. मागून वहिनी, प्लॅस्टिकची पिशवी पोटाशी धरून. मी चिखलानं माखलेला तसाच बांधावर उभा राहिलो.

"सहकार," वहिनींनी तिथूनच ओरडून सांगितलं. "चौकट मीच भरली."