स्वतःच्या हातानं जोडायचा बोर्ड

वैजनाथइतका भाबडा माणूस आमच्या तपकीर गल्लीत दुसरा पाहिला नाही. हे मी प्रेमानं म्हणतोय, आणि चिडूनही. माझं सुट्या इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचं दुकान. इथं गिऱ्हाईक येतं तेच मुळी घोड्यावर बसून. हा मात्र आला की काउंटरला कोपर टेकून उभा. मूळचा हिंगोलीकडचा; कर्वेनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपचा असिस्टंट. अर्धं आयुष्य पुण्यात गेलं, तरी त्याचं "काय करायलाव, श्रीधरराव?" काही सुटलं नाही.

त्या वर्षी त्याच्या वर्कशॉपवर कुऱ्हाड आली. सगळ्या पोरांचे डोळे हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे. सोल्डरिंग, म्हणजे तापल्या आयर्ननं पार्ट जोडणं, शिकून कुणाचं भलं झालंय? ती जागा मोकळी करून आणखी एक कॉम्प्युटर लॅब काढायचं घाटत होतं. विभागप्रमुख नीरजा मॅडम वाईट नव्हत्या हो. त्या म्हणाल्या, "वैजनाथ, मुलं तुमच्याकडे फिरकत नाहीत. मी वर काय दाखवू?"

झालं! यानं ठरवलं, मुलांना ओढून आणेल असा इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड आपणच बनवायचा. चिमुकला, वायरलेस, मोबाईलवरून चालणारा. आणि मुख्य म्हणजे, ज्यानं जन्मात आयर्न धरलेलं नाही त्यालाही साध्या आयर्ननं जोडता आला पाहिजे.

"अहो, चीनचे तयार बोर्ड पोत्यानं येतात," मी म्हणालो. "तुम्ही कशाला डोकेफोड करताय?"

"त्याला हात कुठं लावता येतोय? मशीननं बसवलेलं असतं सगळं, मुंगीएवढं," तो म्हणाला. "स्वतः जोडलेला दिवा मोबाईलवर लागला ना, तर लेकरांना वर्कशॉपातून हाकलावं लागेल बघा."

मग सुरू झाला त्याचा उद्योग. माझ्याकडून एकेक पार्ट नेऊन बघायचा, परत आणायचा. हा फार बारीक, लेकराचा हात हलला तर शेजारच्याला चिकटेल. चिप तर नाहीच. तिच्याऐवजी कडेला दाते असलेलं तयार वायरलेस मॉड्यूल, म्हणजे आयर्नचं टोक बाहेरून टेकवता येतं. पार्टच्या दोन पायांत अंतर ऐसपैस. एवढं करून बोर्ड काडेपेटीएवढाच ठेवायचा. पहिली खेप छापून आली आणि भिंतीपलीकडे सिग्नल जाईना. जागा वाचवायच्या नादात अँटेनाच्या खालीही यानं तांबं पसरवलं होतं. "माझंच चुकलं," म्हणाला, आणि सगळी आखणी पुन्हा केली. दुसरी खेप आली तेव्हा माझ्या दुकानातला दिवा त्यानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून लावला. खोटं कशाला बोलू, मी टाळी वाजवली.

मॅडमनी त्याला संधी दिली. एका वर्गाला हा बोर्ड द्यायचा. मुलांनी तो स्वतः करून चालवून दाखवला, की वर्कशॉप राहील. मॅडमचा शब्द होता तो.

वैजनाथनं जीव तोडून शिकवलं. आता वर्कशॉपला तास मिळत नव्हते, म्हणून मुलं म्हणाली, "सर, घरी करून आणतो." आणि या देवमाणसानं पिशव्या भरभरून सामान घरी दिलं! मी कपाळावर हात मारला. तर मलाच समजावतो, "आमच्याकडं लेकराच्या हातात आयर्न दिलं तर जेवायला उठणार नाही ते." अहो, तुमच्याकडे! हे पुणं आहे. इथं माझ्या समोरच 'प्रोजेक्ट तयार मिळतील' अशी पाटी लावून दिग्विजय बसलाय, आणि सबमिशनच्या दिवसांत त्याच्यापुढे चितळ्यांपेक्षा मोठी रांग असते. हे काय त्याला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण आपली मुलं तिथं जाणार नाहीत, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

तपासणीच्या दिवशी टेबलावर बोर्ड मांडले. एक सोडून सगळे चालले! मॅडम खूश. वैजनाथ एकेक उचलून उलटा करून बघत होता. सगळ्यांचे सोल्डरचे डाग सारखे, सगळ्या पायांची टोकं एकाच तिरकसपणे छाटलेली. एकाच हातचं काम. फक्त ओवी नावाच्या मुलीचा बोर्ड बंद होता. गोळे साचलेले, एक कोपरा करपलेला. तिनं घरी केला होता, खरोखर. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सॉरी सर. मी पण बाहेरूनच करून आणायला हवा होता."

तो गप्प बसला असता तर वर्कशॉप राहिलं असतं. पण नाही! मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन त्यानं सांगितलं, हे मुलांनी केलेलं नाही, यांना वर्कशॉपात बसवून पुन्हा करायला लावा.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हे काम बाहेर होतंय. मग वर्कशॉप कशाला हवंय, तुम्हीच सांगा."

महिनाभरात तिथं कॉम्प्युटर बसले. वैजनाथला कुणी थांबवून घेतलं नाही.

आता तो दिग्विजयकडे बसतो, माझ्या बरोब्बर समोर. स्वतःचाच बोर्ड जोडत; कॉलेजनं वर्कशॉप काढलं, पण तो बोर्ड मुलांना घरून करून आणायला ठेवला. दिग्विजयचा तर जीव आहे त्या बोर्डावर; मला म्हणतो, "काका, काय डिझाइन आहे! झटपट होतो, एकही परत येत नाही."

परवा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले एक गृहस्थ वैजनाथपुढे आले. मुलीच्या बोर्डाचं सामान घेऊन. तिला क्लासमुळे वेळ नाही म्हणे, लवकर जोडून मिळेल का?

मला राहवलं नाही. इथून ओरडलो, "अहो, शिकली-सवरली माणसं तुम्ही, काही लाज धराल की नाही? मुलीला करू द्या की! तो बोर्ड पोरांनी स्वतः करावा म्हणूनच बनवलाय. हा समोर बसलाय ना, यानंच बनवलाय!"

गृहस्थ ओशाळले. सामान परत पिशवीत भरायला लागले. एक क्षण मला वाटलं, जमलं!

वैजनाथनं हात पुढे केला आणि पिशवी धरली.

"त्यांचं नका मनावर घेऊ, साहेब," तो म्हणाला. "बसा. लेकराला नाही जमायचं हे."